केडगावात दिसलेली नाटिका

बातमीत माणसाचे नाव बदलले की तो माणूस झाकला गेला, असे आमच्या धंद्यात त्या काळी सगळेच मानत. मीही मानत होतो. नगरच्या एका दैनिकात मी बरीच वर्षे उपसंपादक होतो. कोणत्या साली कोणत्या टेबलावर बसलो, हे सांगून वाचकाच्या पदरात काही पडणार नाही. या अंकाच्या संपादकांनी ‘नोकरीतल्या गमती लिहा’ असे कळवले आहे. एक गंमत आधी सांगतो. त्यानंतरचे गमतीचे नाही.

उपसंपादक काय करतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. बातमी आणतो तो वार्ताहर. ती कापून, नीट करून, मथळा देऊन खिळे जुळवणाऱ्याच्या हाती सोपवतो तो उपसंपादक. त्याचे नाव कुठे छापले जात नाही. आमच्याकडे तालुक्यांच्या बातम्या एसटीने येत. वार्ताहर पाकीट ड्रायव्हरजवळ देई आणि आमचा शिपाई स्टँडवरून ते घेऊन येई. अकोले तालुक्याचे पाकीट, भंडारदरा धरण तिकडेच, निम्म्या वेळा एक दिवस उशिरा येई. दुष्काळाच्या वर्षी लोक कचेरीच्या पायरीवर येऊन ‘भंडारदऱ्यात पाणी किती?’ विचारत. आम्ही मोठ्या अधिकाराने सांगत असू. सांगत असू ते परवाचे पाणी.

एकदा कोपरगावच्या पाकिटातून बातमी आली, की एका शिक्षकाला भर बाजारात त्याच्या सासऱ्याने चपलेने मारले. घरगुती मामला म्हणून मी शिक्षकाचे नाव बदलले. बाकी मजकूर तसाच ठेवला. नदीकाठची शाळा, हिरवी सायकल, डाव्या पायाने थोडे लंगडणे. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ लंगडत कचेरीत आले.

“नाव दुरुस्त करा,” ते म्हणाले.

“मास्तर, आम्ही तुमची अब्रू राखली.”

“कसली अब्रू? अख्ख्या कोपरगावानं ओळखलं मला. पण तुम्ही जे नाव छापलंत, त्या नावाचा मास्तर शेजारच्या गावात आहे. त्याची बायको माहेरी निघून गेली. तो रोज माझ्या दारात येऊन बसतोय. मार मी खाल्लाय, नावही माझंच घाला.”

आम्ही हसलो, चहा मागवला, दुरुस्ती छापली. ही हकिगत पुढे कचेरीत वर्षानुवर्षे सांगितली गेली. तिच्यातून शिकण्यासारखे काही आहे, असे कुणाला वाटले नाही.

त्र्याहत्तरच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. केडगावला पुणे रस्त्यावर रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणारे एकनाथराव कचेरीत आले. पन्नाशीच्या आतबाहेरचे, बोटांच्या टोकांना डाख देण्याचे काळे डाग. त्यांनी खिशातून डॉक्टरची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

“साहेब, छापून रक्त मिळतं का?”

“माहीत नाही. आजवर छापलेलं नाही.”

“मग छापून बघा की. बी निगेटिव्ह म्हणतात. माझं जुळत नाही, बायकोचं जुळत नाही. भाची आहे माझी.”

भाचीचे नाव कौसल्या. वय पंधरा. घर पाथर्डी तालुक्यात. आईबाप दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला कोपरगावकडच्या एका कारखान्यावर जात. पोरगी अभ्यासात बरी म्हणून तिला दोन वर्षांपूर्वी मामाकडे शाळेला ठेवले होते. आईबाप यंदाच्या सीझनला गेले आणि आठवड्याभरात ती वर्गात चक्कर येऊन पडली. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अंगावर न लागता निळे डाग उठू लागले. तिच्या हाडांच्या मगजात रक्त तयार होणे थांबले होते. बाहेरून रक्ताची बाटली चढवली की ती काही दिवस नीट राही, मग पुन्हा पांढरी पडे.

मी दुसऱ्या पानावर चौकट टाकली. नाव, वय, रक्तगट, इस्पितळाचा पत्ता. रक्त दिले की माणूस खंगतो, ही समजूत तेव्हा शिकलेल्यांतही होती. पहिल्या दिवशी कुणी आले नाही. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारा एक जण आला. त्यानंतर पोलिसातला एक हवालदार, मग एक ट्रक ड्रायव्हर. तिघांचे रक्त जुळले. चौकटीचा उपयोग झाला, हे संपादकांच्या लक्षात आले आणि त्यांनी मला रविवारच्या पुरवणीसाठी मुलीवर लिहायला पाठवले.

ती खाटेवर मांडी घालून बसली होती. अंगाने बारीक, रंग पिठासारखा.

“तुमीच का पेपरवाले? मला वाटलं चष्मा आसंल.”

“आता लागेल लवकरच.”

“लागू द्या. शोभंल. काल हवालदाराचं रक्त चढवलंय मला. सकाळधरनं नर्सबाईला ‘नाव सांग, गाव सांग’ करतीय.”

“आणि त्याच्याआधी?”

“बँडवाल्याचं. आठ दिस पाय थाऱ्यावर न्हवते. मामी म्हनली, घरात वरात आलीय का गं? आता डायवरचं चढलं म्हंजी बगा. समदी बाजूला व्हा म्हनंल.”

मामी पलीकडे संत्रे सोलत होती. “हिला गप बसायचं औषध द्या म्हणावं डॉक्टरला,” ती म्हणाली.

“त्ये कुना मुक्याचं रक्त आनलं की मिळंल,” कौसल्या म्हणाली.

मी अर्धा तास बसलो. वही भरली. निघताना तिने विचारले, “पेपर कोपरगावला जातो का? आई रानात आसती. तिला कुनी वाचून दाखवलं तर ती यील.” मामी चटकन म्हणाली, “सीझन संपला की येणारच आहे ती.” कौसल्या म्हणाली, “सीझन संपला की उन्हाळा लागतो, मामी. त्याला लई येळ हाय.”

बाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी मला थांबवले. बोलून झाल्यावर ते म्हणाले, हे लिहायचे नाही. त्यांचे म्हणणे असे होते: या दुखण्यावर आपल्याकडे उपाय नाही. आता एक बाटली तीन आठवडे पुरते. दोन बाटल्यांमधले अंतर कमी होत जाईल. एक दिवस अंतरच उरणार नाही.

“घरच्यांना सांगितलंय?”

“मामाला. मुलीला नाही. आईबापांना मामा सांगू देत नाही.”

आपल्याकडे आजाऱ्याला आजार सांगत नाहीत. पण ते एवढ्यावर थांबत नाही. ज्याच्या चेहऱ्यावरून आजाऱ्याला कळेल, त्यालाही सांगत नाहीत. एकनाथरावांनी मला ते सरळ सांगितले. “ताईला तिकडं निरोप दिलाय, पोरीचं रक्त कमी झालंय, गोळ्या चालू आहेत. खरं कळलं तर ती कोयता टाकून येईल. येऊन काय करील? रडेल. पोरगी हुशार आहे साहेब, आईकडं एकदा बघितलं की तिला सगळं कळेल.” मला हे पटले होते. माझ्या घरात मीही असेच केले असते.

लेख दीड रकान्याचा झाला. हवालदाराच्या आणि बँडवाल्याच्या रक्ताची गोष्ट त्यात होती. लोकांना तो आवडला. राहुरीहून, श्रीगोंद्याहून पत्रे आली, आणि पत्रांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे आणखी चौघे रक्त द्यायला आले. माझ्या नोकरीत एखाद्या लेखाचा इतका सरळ उपयोग झाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

पंधरा दिवसांनी मुंबईहून एका नाटककाराचे पत्र आले. ते टेलिव्हिजनसाठी छोट्या नाटिका लिहीत. त्यांच्या नगरच्या मेहुण्याने त्यांना आमची पुरवणी पाठवली होती. आजारी मुलीवर नाटिका लिहायची आहे, आणखी तपशील मिळतील का, असे त्यांनी विचारले होते. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या पत्राकडे मुंबईच्या माणसाने काही मागावे, याचे अप्रूप होते. मी चार पाने लिहिली. मामी आणि भाची एकमेकींना कसे टोमणे मारतात ते लिहिले. खाटेची जागा लिहिली. आणि व्हरांड्यात डॉक्टर जे म्हणाले होते, तेही त्यांच्या शब्दांत लिहिले. छापायचे नाही असे डॉक्टर म्हणाले होते. पत्र म्हणजे छापणे नव्हे, असा मी विचार केला. शेवटी अट घातली: मुलीचे नाव आणि गाव बदलावे. नाटककारांचे उत्तर आले, की हे तर ते करणारच होते. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी दिलेला शब्द पाळला.

एकनाथरावांना मी यातले काही सांगितले नाही. सांगण्यासारखे आहे, असे वाटले नाही. टेलिव्हिजन मुंबईत होता, नुकताच पुण्याला आला होता. नगरला तो दिसत नव्हता.

दिसत नव्हता, हे पूर्ण खरे नाही. पौषात एकनाथरावांकडे कुणी पुण्याहून बिघडलेला टीव्हीचा संच दुरुस्तीला टाकला आणि परत न्यायला आलाच नाही. त्यांनी तो चालू केला. मग घराच्या मागे बोअरचे जुने पाइप एकात एक बसवून उंच खांब उभा केला, त्याला तारा बांधून ताण दिले आणि टोकाला ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा अँटेना बसवला. मी एकदा पाहायला गेलो होतो. पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत होत्या आणि मुंग्यांच्या मागून कुणी तरी शेतीविषयी बोलत होते.

“कौशीला सिनेमाला नेता येत नाही,” एकनाथराव म्हणाले. “गर्दीत गेली की ताप येतो. म्हटलं, मुंबईच घरात आणू.”

“मुंबईला लई मुंग्या झाल्यात, मामा,” कौसल्या दारातून म्हणाली. “साखर सांडली का कुनी?”

तेव्हा दोन बाटल्यांमधले अंतर बारा दिवसांवर आले होते.

माघाच्या शेवटी नाटककारांचे कार्ड आले. नाटिका अमुक दिवशी संध्याकाळी साडेसातला लागेल, शक्य असल्यास पाहावी. कार्ड माझ्या टेबलावर तीन दिवस होते. एकनाथरावांना सांगावे, असे पहिल्याच दिवशी मनात आले. सांगायचे तर आधीचे सगळे सांगावे लागले असते. मी मनाशी तीन गोष्टी धरल्या. चित्र येणार नाही. आले तर नाव वेगळे आहे. नाव वेगळे असूनही शंका आली, तर आजारी मुली जगात पुष्कळ असतात. त्या दिवशी संध्याकाळी मी सायकल काढली आणि केडगावला गेलो. कशासाठी गेलो, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

त्या दिवशी चित्र स्वच्छ होते. असे महिन्यातून एकदोनदा होई म्हणत. शेजारपाजारची वीसपंचवीस माणसे अंगणात आणि ओसरीवर बसली होती. कौसल्या पुढे, भिंतीला टेकून, गुडघ्यांवर गोधडी घेऊन. मला पाहून तिने जागा केली. “या काका. आज मुंग्या गावाला गेल्यात.”

नाटिका सुरू झाली. कोकणातले घर होते, मागच्या पडद्यावर माडाची झाडे रंगवली होती. मुलीचे नाव मीना. खाटेवर बसून ती नर्सला म्हणाली, की काल हवालदाराचे रक्त चढवले, म्हणून मी आज सगळ्यांना नाव-गाव विचारते आहे.

अंगण हसले. शेजारची एक बाई म्हणाली, “अगं बया, ही तर आपल्या कौशीवानीच बोलती!”

कौसल्याही हसली. “माझं चोरलं की हिनं! मामी, बग, तुजंबी चोरलंय. वरातीचं बी आलं.” लोक आणखी हसले. मग ती हसायची थांबली आणि मान वळवून तिने माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहत राहिलो.

पुढचा प्रवेश व्हरांड्यातला होता. पांढरा कोट घातलेला एक नट मीनाच्या मामाला सांगत होता, की दोन बाटल्यांमधले अंतर कमी होत जाईल आणि एक दिवस अंतरच उरणार नाही. तो चांगला नट होता. प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला.

संच माझ्यापासून दोन हातांवर होता. मी उठून बटण फिरवू शकलो असतो. उठले ते एकनाथराव. ते घराच्या मागे धावले आणि त्यांनी खांबच धरून फिरवला. पडद्यावर मुंग्या आल्या, आवाज फाटला.

कौसल्या मोठ्याने म्हणाली, “मामा, ऱ्हाऊ दे. लाव परत. मला बगायचंय.”

मागे खांब फिरतच होता.

“मामा, लाव म्हनते ना.”

थोड्या वेळाने चित्र परत आले. तिने ते शेवटपर्यंत पाहिले. शेवटी मीनाची खाट रिकामी दाखवली होती आणि नर्स चादर बदलत होती. मग बातम्या लागल्या. शेजारी एकेक करून उठून गेले. जाताना त्यांतले कुणीही तिच्याकडे पाहिले नाही.

“काका, तुमाला कवाधरनं ठावं हाय?”

मी सांगितले, कार्तिकापासून.

“म्हंजी पेपरात लिवलं तवा?”

“लिहिलं त्याच्या आदल्या दिवसापासून.”

“अन् मी तुमाला हसवत हुते,” ती म्हणाली.

एकनाथराव मागच्या दारात उभे होते, हाताला पाइपाचा गंज लागलेला. ते म्हणाले, “पोरी, नाटक असतं ते.” ती त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही.

“आईला ठावं हाय का?”

कुणी बोलले नाही, म्हणजे तिला उत्तर मिळाले.

“मंग तिला आना. सीझन संपायची वाट बगू नका. काका, तुमी जा. खरं सांगून आना. मामा गेला तर काईबी सांगंल. म्हशीला रेडकू झालंय म्हनंल.” मग म्हणाली, “मला सांगितलं तसं सांगू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने मी कोपरगावला गेलो. तिथून कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवर बसून टोळीच्या मुक्कामावर. पाचटाच्या कोप्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्या, रिकाम्या होत्या, एक म्हातारी आणि दोन तान्ही मुले तेवढी होती. म्हातारीने फड दाखवला. भामाबाई, म्हणजे कौसल्याची आई, वाकून ऊस तोडत होती. नवरा मागे मोळ्या बांधत होता. मी पेपरमधून आलो, केडगावहून आलो, असे सांगितल्यावर तिने कोयता खाली केला नाही.

बातमी थोडक्यात कशी सांगावी, हे मी वार्ताहरांना शिकवत असे. तीन वाक्यांत सांगितले. तिचा नवरा मोळीवर बसला. ती उभीच होती.

“तुमाला कवा कळलं?”

“साडेतीन महिने झाले.”

“आजून कुनाला ठावं हाय?”

मी खरे तेच सांगायचे म्हणून आलो होतो. म्हणून सगळ्यांची नावे सांगितली. डॉक्टर, तिचा भाऊ, मी, मुंबईचे नाटककार. आणि कालपासून केडगावची शेजारची माणसे.

“पेपरवाल्याला ठावं,” ती म्हणाली. “टीव्हीवाल्याला ठावं. शेजारनीला ठावं. म्या जल्म दिला, अन् मला न्हाई.”

तिने कोयता नवऱ्याच्या पायाशी ठेवला आणि तशीच निघाली. कोपीत जाऊन लुगडे बदलले नाही. नवरा मुकादमाला सांगून दुसऱ्या दिवशी येणार होता. एसटीत ती खिडकीशी बसली. पाचटाचे तुकडे तिच्या केसांत होते. ते काढून टाका असे सांगायचे मला दोनदा ओठावर आले.

त्यानंतर कौसल्या अकरा दिवस होती. त्याच रात्री तिला इस्पितळात हलवावे लागले आणि तिचे बोलणेही थकत गेले, असे कळले. मी गेलो नाही. चौथ्या दिवशी रक्ताची चौकट पुन्हा छापली, दोघे आले. ट्रक ड्रायव्हर पुन्हा आला होता, पण त्याने मागच्याच महिन्यात रक्त दिले होते, ते इतक्या लवकर परत घेता येत नव्हते. तो व्हरांड्यात बसून राहिला, असे नंतर कळले. नवव्या दिवशी ताप चढला. बाटली चालू असतानाच नाकातून रक्त सुरू झाले, ते थांबले नाही.

बातमी मी लिहिली. चार ओळी. रक्त देणाऱ्यांचे आभार त्यात घातले.

एकनाथराव भेटले तेव्हा मला त्यांची माफी मागायची होती. मी ओशाळून पत्राचे, कार्डाचे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. “तुम्ही लिहिलंत, साहेब,” ते म्हणाले, “पण खांब तर मीच उभा केला ना.” त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. खांब त्यांनी उतरवून टाकला होता.

तेराव्यानंतर भामाबाई भावाबरोबर कचेरीत आली. फडावर परत जायची होती. खुर्ची दिली तरी ती भिंतीशी खाली बसली.

“दादा, त्ये नाटक परत लावत्यात का?”

मी विचारले, कशाला?

“माज्या पोरीचं बोलनं त्यात हाय म्हनत्यात. समद्यांनी बगितलं. म्याच न्हाई. दसऱ्याला सोडून गेल्ते तिला. आले तवा तिच्यात बोलायचं बळ कुटं हुतं? निसती हात धरून ऱ्हायची. मधी ती काय काय बोलली, कशी हासली, मला कोन सांगंल? भावाला इचारलं की त्यो रडतो.”

मी नाटककारांना पत्र लिहिले. महिन्याने उत्तर आले. टेप महाग असतात, थोड्या असतात. एक कार्यक्रम झाला की त्याच टेपवर दुसरा उतरवतात. नाटिकेच्या टेपवर एक गायनाचा कार्यक्रम उतरवला गेला होता. मुलीविषयी वाचून फार वाईट वाटले, असे त्यांनी लिहिले होते. मला तो माणूस खोटे लिहिणारा वाटला नाही.

वैशाखात सीझन संपवून भामाबाई गावी परत जाताना पुन्हा आली. या वेळी एकटी. मी तिला टेपचे सांगितले.

“मंग तुमच्याकडं काय हाय?”

मी जुन्या अंकांची फाइल काढली. दीड रकाना तिला वाचून दाखवला, हळू, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. हवालदाराचे आले, बँडवाल्याचे आले. ती कान देऊन ऐकत होती, पण तोंडावरची एक रेघ हलली नाही.

“ही कोन?” तिने विचारले.

“कौसल्या.”

“न्हाई दादा. माजी कौशी अशी बोलत न्हवती. ही कुना मास्तराची पोर बोलती.”

तिचे बरोबर होते. छापायला जाणारे प्रत्येक वाक्य आम्ही शुद्ध करत असू, मग ते कलेक्टरचे असो की ऊसतोड्याच्या मुलीचे. माझ्या हातून ते न ठरवताच होत असे. पोरीचे सगळे बोलणे मी उतरवून घेतले होते, आणि त्यातले तिचे असे एकही वाक्य छापले नव्हते. वही केव्हाच रद्दीत गेली होती.

मी फाइल मिटली. आठवत होते तेवढे तिच्या बोलीत सांगायचा प्रयत्न केला. चष्म्याचे सांगितले. ‘नाव सांग, गाव सांग’चे सांगितले. मुक्याच्या रक्ताचे सांगितले, तेव्हा भामाबाई हसली, पदर तोंडाला लावून, आवाज न करता. मुंबईतल्या मुंग्यांचे सांगितले. म्हशीच्या रेडकाचे सांगितले. कुठे शब्द चुकला तर ती लगेच म्हणे, “आसं म्हनली आसंल,” आणि बरोबर करून देई. दहा मिनिटे लागली असतील.

“आजून?” ती म्हणाली.

अजून काही नव्हते.